गोवरातली गोडीशेव

आमचे सासरे काशी करून आले आणि त्यांचं मावंदं झालं, त्याच साली चैत्रात धोंडीरामला गोवर निघाला.

मावंद्याला चारशे माणूस जेवलं होतं. माळ्यावर अजून अर्धा डबा तेल आणि एक पायली हरभऱ्याचं पीठ शिल्लक होतं. मला सातवा महिना होता.

"आजपास्नं कढई पालथी," सासूबाई म्हणाल्या. त्या दाराच्या चौकटीत लिंबाचे डहाळे खोचत होत्या. "फोडणी न्हाई, तळण न्हाई. जत्रंला कुणी जायाचं न्हाई, आन् जत्रंतलं काय घरात आणायचं न्हाई. आई आलीया घरात. तिला तेलाचा वास सोसत न्हाई."

गोवर निघाला की आमच्याकडं आई आली असंच म्हणायचे. ती यायची तशी आठ-दहा दिवसांनी जायची, फक्त तिचं मन राखायचं. धोंडीराम थोरल्या जाऊबाईंचा, पाच वर्षांचा. त्याच्या आधीची दोन राहिली नव्हती, म्हणून याचं नाव दगडा-धोंड्याचं ठेवलेलं. त्यामुळं सासूबाईंच्या शब्दाला कोणी हुं का चूं केलं नाही.

गावाची जत्रा तिसऱ्या दिवशी भरली. आमच्या मागल्या दारातून जत्रेचा माळ दिसायचा. पाळणा फिरताना करकरायचा तेही ऐकू यायचं. हलवायांची पालं नेमकी आमच्या बाजूला होती. दुपारी वारा फिरला की गुळाच्या पाकाचा वास सरळ आमच्या घरात शिरायचा, आणि मी दहीभाताचा घास तोंडात तसाच धरून बसायची.

"काय गं हौसा, सारखी मागल्या दारात का उभी ऱ्हातीस?" अनसूयावन्संनी विचारलं.

"वारा घेतीया."

"वारा घेतीस का वास घेतीस?"

मी हसले. त्यांच्यासमोर खोटं टिकायचं नाही. अनसूयावन्सं माझ्या नणंद. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, सासरच्यांनी वर्षभरात आणून सोडलं, तेव्हापासून त्या इथंच. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात माझ्याशी पहिल्यांदा हसून बोलल्या त्या त्याच.

लहानपणी जत्रेत बाकीची पोरं पाळण्याकडं पळायची, त्या हलवायाच्या कढईपाशी उभ्या राहायच्या. बघून बघून सगळं शिकल्या होत्या. रेवडी, गोडीशेव, तिखट बुंदी, फुटाण्याची चिक्की. जत्रा उठली, पालं निघाली, पोरं रडकुंडीला आली की दुसऱ्या दिवशी वन्सं चूल मांडायच्या. आमच्या घरात मग दोन दिवस दुसरी जत्रा चालायची. त्यांची गोडीशेव हलवायाच्या गोडीशेवेपेक्षा सरस, असं हलवाईसुद्धा म्हणाला होता म्हणे. म्हणे कशाला, वन्सं स्वतःच सांगायच्या.

"वन्सं, माझं त्वांड पार गेलंय. काय गिळंना. एक चिमूटभर गोडीशेव मिळाली तर..."

"आई घरात हाय गं."

"मला काय ठाऊक न्हाई व्हय?"

"मग?"

"मग काय न्हाई."

पण मी गप्प बसले नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना म्हणाले, डोहाळे मारले की पोराचा कान फुटतो म्हणतात, खरं का वन्सं? तिसऱ्या दिवशी माझ्या माहेरच्या कोणाच्या तरी पोराची गोष्ट सांगितली, कान फुटलेल्या. ती गोष्ट मी रचली होती. वन्संना मूलबाळ नव्हतं. माझ्या पोटाकडं त्या कशा बघायच्या ते मला माहीत होतं, आणि मी ते धरूनच बोलत होते.

जत्रेच्या चौथ्या दिवशी धोंडीरामचा ताप उतरला. अंगावरचं पुरळ काळवंडायला लागलं. फक्त डोळे चिकटलेले होते, पापण्या सुजून एकावर एक बसलेल्या. सासूबाई म्हणाल्या, उतार पडला, मंगळवारी दहीभात ओवाळून आईला निरोप देऊ.

त्या दुपारी वन्सं माझ्या कानाशी लागल्या.

"उतार पडलाय. गोठ्याच्या मागं ये. वारा माळाकडनं हाय, वास आला तर लोक म्हणतील जत्रंचा हाय."

गोठ्यामागं जनावरांचं आंबोण शिजवायची चूल होती. वन्संनी पीठ आधीच मळून ठेवलं होतं. "मोहन बघ," त्या म्हणाल्या, "पीठ मुठीत दाबलं तर मूठ ऱ्हायली पायजे, आन् बोट लावलं तर मोडली पायजे. न्हाईतर शेव दगड हुती." सोऱ्याला जाड भोकांची चकती लावली. शेव कढईत पडली तशी पांढरा फेस वर आला. तो पूर्ण बसेपर्यंत त्यांनी झारा लावू दिला नाही.

"घाई करणाऱ्याची शेव मधी कच्ची ऱ्हाती."

मग दुसऱ्या पातेल्यात गूळ चढवला, सुंठ कुटून टाकली. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात सोडला, उचलून पितळीवर आपटला. टण्ण वाजला. "झाला. हे वाजलं न्हाई तर शेव हाताला चिकटती, आन् जास्त झाला तर दात मागती." पातेलं खाली उतरवून त्यांनी शेव त्यात लोटली आणि कालथ्यानं खालीवर करत राहिल्या. आधी सगळा चिखल दिसत होता. मग हळूहळू पाक पांढुरका झाला, एकेक कांडी सुटी झाली आणि पातेल्यात खडखडायला लागली.

"खा आता. कान फुटायला नको माझ्या भाचीचा."

"भाचीच कशावरनं?"

"एवढं गोड मागतीया म्हणजी भाचीच."

त्यांनी स्वतः एक कांडीही तोंडात टाकली नाही. मी ओंजळभर खाल्ली. इतकं चांगलं मी आयुष्यात पुन्हा काही खाल्लं नाही, आणि ते लिहितानाही मला लाज वाटते. उरलेली पदरात बांधली.

घरात आले तर सगळे आडवे झाले होते. जाऊबाई विहिरीवर गेल्या होत्या. धोंडीराम सोप्यात घोंगडीवर एकटाच होता. मी जवळून गेले तसं त्यानं नाक उचललं.

"गोडीशेव," तो म्हणाला.

मी थांबले.

"मला पण."

तो आणखी मोठ्यानं बोलला असता तर सासूबाई उठल्या असत्या. मी पदरातून दोन कांड्या काढल्या, त्याच्या हातात ठेवल्या आणि मूठ दाबून धरली. त्याच्यावर माया होती म्हणून दिल्या असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. तो गप्प बसावा म्हणून दिल्या.

संध्याकाळी त्याला पुन्हा ताप भरला. आधीपेक्षा जास्त. डोळ्यांतून पू यायला लागला. सासूबाई लिंबाच्या पाण्यानं त्याचे हात पुसायला बसल्या, तेव्हा मुठीत अर्धी कांडी सापडली.

सगळे तिथंच होते. सासरे, थोरले दीर, माझे मालक, जाऊबाई आणि मी. वन्सं पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या.

सासूबाईंनी ती कांडी उजेडाला धरली. हुंगली.

"ही जत्रंतली न्हाई. सुंठ हाय हिच्यात." मग पोराच्या तोंडाशी वाकल्या. "बाळा, आत्तीनं दिली न्हवं?"

तापानं त्याला शुद्ध कमी होती. तो "हुं" म्हणाला.

"अनशे," सासूबाई म्हणाल्या, "घरात आई बसलीया आन् तू कढई चढवलीस?"

वन्संनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोलले असते. हेही मी पुष्कळ वर्षं म्हणत आले.

"चढवली," वन्सं म्हणाल्या. "मला खावीशी वाटली."

"जळ्ळी ती जीभ. रांडमुंड बाईला चोचले कशाला पायजेत? पोराचा जीव घ्यायला निघालीस?"

मालकांनी माझ्याकडं वळून विचारलं, "तू दिवसभर घरात हुतीस. तुला काय ठाऊक?"

"मी निजली हुती," मी म्हणाले.

पोर वाचलं. पण आठ दिवसांनी पापण्या उघडल्या तेव्हा दोन्ही बुबुळांवर पांढरी फुलं पडली होती. जाऊबाईंनी त्याच्या तोंडासमोर दिवा धरला, इकडं नेला, तिकडं नेला. तो समोरच बघत राहिला. जाऊबाई रडल्या नाहीत. सासऱ्यांसमोर जाऊन एवढंच म्हणाल्या, "वन्सं या घरात हाईत तवर मी चूल पेटवायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. वन्संना त्यांच्या सासरी, सोनवडीला, दिराच्या दारात नेऊन सोडायचं ठरलं. त्या दिरानंच अकरा वर्षांपूर्वी त्यांना हाकललं होतं.

गाडीत बसायच्या आधी त्या गोठ्यात आल्या. मी शेण काढत होते.

"हौसा, आत्ता काय बोलू नगंस," त्या हळू म्हणाल्या. "तुझ्या पोटाला धक्का लागंल. आमची आई तुला जगू द्यायची न्हाई. नीट बाळंत हो. बारसं झालं की मग सांग त्यास्नी, काय झालं ते. मग मला न्यायला येतील."

"सांगती," मी म्हणाले.

"इसरू नगंस बरं का."

"न्हाई वन्सं. पोटच्या पोराची आण."

मुलगी झाली. वन्संनी म्हटल्याप्रमाणं मुलगीच. बारसं झालं. बारशाला पाहुणे होते म्हणून राहिलं. मग जाऊबाईंचं मन जरा थाऱ्यावर येऊ दे म्हटलं. मग दिवाळी आली. एकदा मालकांजवळ विषय काढला. ते म्हणाले, त्या बाईचं नाव घरात काढू नकोस. मी लगेच गप्प झाले. त्यांनी गप्प केलं म्हणून मला बरं वाटलं.

पुढच्या साली जत्रा उठल्यावर पोरं रडायला लागली. मी उठले आणि चूल मांडली. फेस बसेपर्यंत झारा लावला नाही. पाकाचा थेंब पितळीवर वाजवून बघितला. शेव तशीच झाली, अगदी तशीच. जाऊबाईंनी कांडी मोडून धोंडीरामच्या तोंडात घातली आणि म्हणाल्या, "हौसाच्या हाताला चव हाय." त्यानंतर दरसाल ती मीच केली. शेजारपाजारच्या बाया शिकायला यायच्या. कुठं शिकलीस विचारलं की मी सांगायची, आपलं असंच, बघून बघून.

सासूबाई गेल्या, सासरे गेले. थोरले दीर गेले. शेवटी जाऊबाई दोन महिने अंथरुणाला खिळून होत्या, मीच त्यांचं सगळं केलं. रोज उशाशी बसायची. त्या माझा हात धरून म्हणायच्या, तू होतीस म्हणून माझं आंधळं पोर वाढलं. मी त्यांना पाणी पाजायची.

धोंडीराम खरंच माझ्या हाताखाली वाढला. साताऱ्याला जाऊन वेताच्या खुर्च्या विणायला शिकला. लग्न केलं नाही. माझी मुलगी लग्न होऊन सासरी गेली, आणि मालक गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. मग गावात साक्षरतेचे वर्ग निघाले, तेव्हा त्यानंच मला ढकललं.

"जा काकी. तू शिकलीस तर मला पेपर वाचून दाखवशील."

"पन्नाशी उलटली माझी."

"मग काय झालं? डोळे हाईत न्हवं तुला?"

मी गेले. वर्षभरात अक्षर जुळवायला लागले. संध्याकाळी पेपरातले मथळे वाचायची आणि तो खुर्ची विणत ऐकायचा. एकदा नर्सबाई घरोघरी पत्रक वाटून गेल्या. गोवराच्या लशीचं होतं. मला काही नवं वाचायला मिळालं की हौस यायची. मी लगेच मोठ्यानं वाचायला बसले.

"गोवर हा दे-वी-चा कोप नाही. तो एक रोग आहे. घरात तळण किंवा फो-डणी केल्यानं तो वाढत नाही. बाळाचं खाणं बंद करू नये. हिरव्या भाज्या, पपई, तेल-तूप द्यावं. जीवन-सत्त्व कमी पडलं तर बाळाचे डो..."

माझं बोट त्या शब्दावरच थांबलं.

"डोळे," धोंडीराम म्हणाला. "वाच की."

मी ते पुरं केलं.

"परत वाच. पयल्यापास्नं."

मी परत वाचलं. त्यानं वेत खाली ठेवला होता.

"म्हणजी आत्तीचा काय दोष नव्हता."

"नव्हता," मी म्हणाले.

"हायती न्हवं त्या अजून?"

"हायती."

"मग रविवारी जाऊ सोनवडीला."

वन्संना मी तीस वर्षांत बघितलं नव्हतं. दिराच्या घराला लागून एक पत्र्याचं छप्पर होतं, त्यात त्या राहायच्या. दारातच बसून तांदूळ निवडत होत्या. एवढ्याशा झाल्या होत्या.

"कोण, हौसा? अगं, म्हातारी झालीस की."

"तुम्ही काय कमी हाय व्हय?"

"मी तर कवाच झाली. हा कोण दांडगा?"

"आत्ती, मी धोंडीराम."

त्यांच्या हातातलं सूप कलंडलं. त्यांनी त्याला खाली बसवलं, तोंडावरून हात फिरवला, डोळ्यांवरून फिरवला. त्यानं फिरवू दिला. मग खिशातून पत्रकाची घडी काढून त्यांच्या हातात दिली.

"आत्ती, ह्यात लिव्हलंय, तळणानं गोवर वाढत न्हाई. माझे डोळे तुमच्यामुळं गेलं न्हाईत. आमच्या लोकांनी तुमच्यावर अन्याय केला. मी माफी मागायला आलोय."

वन्संना वाचता येत नव्हतं. तरी त्या कागदाकडं बघत राहिल्या.

"कागदात लिव्हलंय?"

"व्हय. सरकारचा कागद हाय."

"बरं झालं बाबा. मला रोज वाटायचं, माझ्यामुळंच झालं." मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. पाहुण्याला अजून काही वाढू का असं विचारताना बघतात, तसं. "हौसा, तुला कायतरी सांगायचं हुतं न्हवं?"

धोंडीराम माझ्या बाजूला तोंड करून बसला होता. दारात वन्संच्या दिराची सून उभी होती, तिची दोन पोरं उभी होती.

"वन्सं, घागर रिकामी दिसतीया," मी म्हणाले. "पाणी आणू का?"

आणि घागर उचलून नळावर गेले. नळाला पाणी नव्हतं. मी तिथं अर्धा तास उभी राहिले.

परतीच्या एसटीत आम्हाला मागची सीट मिळाली. रस्ता खराब, खिडक्या खडखडत होत्या. फाटा मागं पडल्यावर धोंडीराम म्हणाला, "काकी, तो हात तुझा हुता."

"कुठला हात?"

"गोडीशेव दिलेला. आत्तीच्या हातात बांगड्या नव्हत्या. मला बांगड्या वाजल्याल्या ऐकू आल्या हुत्या."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"कवापास्नं ठाऊक हाय तुला?"

"धा-बारा वर्साचा झालो तवा ध्यानात आलं. विधवा बाई बांगड्या घालत न्हाई, हे कळायच्या वयाचा झालो तवा."

"मग बोलला का न्हाईस?"

"तूच मला जेवू घालत हुतीस." मग म्हणाला, "आई असताना बोलायला पायजे हुतं मी. मी पण न्हाई बोललो. आज आत्तीला तुझ्याच तोंडनं ऐकायचं हुतं. म्हणून आणलं तुला. मला वाटलं, तिला बघून तरी बोलशील."

मी काहीतरी पुटपुटले.

"ऐकू येईना. मोठ्यानं बोल."

"मी मागितली हुती," मी म्हणाले. "माझ्यासाठी केली हुती त्यांनी. तुला मी दिली. आन् त्यांच्यावर आळ आला तवा मी निजली हुती म्हणून सांगितलं."

गाडीच्या खडखडाटात मला ओरडून बोलावं लागलं. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. कंडक्टरनंही बघितलं.

धोंडीरामनं मान हलवली.

"हेच तिथं म्हणाली असतीस तर तिच्या दिराच्या सुनंनं ऐकलं असतं. तिची पोरं अजून आत्तीच्या हातचं पाणी पीत न्हाईत. तू नळावर गेलीस तवा ती सून मला म्हणाली, पोराचे डोळे घालवल्याली बाई हाय म्हणून."

मी तोंडाला पदर लावला. त्यानं मला रडू दिलं. बऱ्याच वेळानं म्हणाला, "फुडच्या रविवारी परत येऊ. येशील न्हवं?"

"येती."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

सोमवारी मी पीठ चाळून ठेवलं, गूळ आणला, सुंठ कुटली. रविवारी पहाटे करून ताजीच न्यायची ठरवली होती. काय बोलायचं ते वहीत लिहून काढलं, चुकू नये म्हणून. चार ओळी लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

निरोप शनिवारी दुपारी आला. अनसूयावन्सं शुक्रवारी, सहा मे एकोणीसशे चौऱ्याण्णव रोजी, सकाळी वारल्या.